स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये पुढारी कोण असतो?

श्रवणभक्त:
हिंदुस्थानी संगीत मी बरीच वर्षे ऐकत आलो असून अलीकडे बेथोव्हेनच्या स्ट्रिंग क्वार्टेटकडे वळलो आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो एवढाच हा मेळ समोर लय दाखवणारा कंडक्टर नसताना लय कशी सांभाळतो? पहिला व्हायोलिनवादक मुख्य आणि बाकीचे तिघे साथीदार, असे समजावे काय?

उत्तरांग:
साथसंगतीची आपली कल्पना येथे फारशी लागू पडत नाही. सुरुवातीचा इशारा पहिला व्हायोलिनवादक श्वासाने आणि गज किंचित उचलून देतो हे खरे. पण पुढे ज्याच्याकडे सूत्र जाते, त्याच्याकडे इतरांचे डोळे वळतात. बेथोव्हेनचे ओपस १३१ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) ऐकावे. त्याच्या आरंभीच्या फ्यूगमध्ये एकच स्वरवाक्य पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या क्रमाने उचलतात, आणि सातही भाग न थांबता वाजवायचे असल्याने, सुमारे ४० मिनिटांत तार उतरली तरी ती लावायला उसंत मिळत नाही. बोटांनीच सूर सावरून घ्यावा लागतो, तोही शेजाऱ्याच्या सुराशी जुळवून.

मंद्रसप्तक:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र पहिल्या व्हायोलिनचे वजन त्यात थोडे कमी लेखले गेले आहे. १८२५ मध्ये व्हायोलिनवादक शुप्पान्झिगच्या चमूने केलेले ओपस १२७चे पहिले वादन फसले, तेव्हा बेथोव्हेनने ती रचना योझेफ ब्योम या व्हायोलिनवादकाकडे सोपवली. तालमींना बेथोव्हेन स्वतः बसे. ऐकू येत नसे, पण गजांच्या हालचालींवरून लयीतला बारीकसा फरकही त्याच्या ध्यानात येई. ब्योमने सांगून ठेवले आहे की, शेवटच्या भागाच्या अखेरीस लय कमी करण्याची सूचना त्याला पटेना, म्हणून त्याने सहकाऱ्यांना लय तशीच ठेवायला सांगितले. बेथोव्हेनने कोपऱ्यातून ते पाहिले, ‘असेच राहू द्या’ म्हटले आणि चौघांच्याही प्रतींतली ती सूचना खोडून टाकली. निर्णय एकाचा होता, आणि तो पहिल्या व्हायोलिनवाल्याचाच होता!

श्रवणभक्त:
उत्तम माहिती, आभारी आहे. मग दुसऱ्या व्हायोलिनची जागा कायम दुय्यमच राहते काय?

उत्तरांग:
तसे बंधन नाही. १९७६ ते २०२३ या काळात वाजवणाऱ्या अमेरिकेतील एमर्सन क्वार्टेटमध्ये यूजीन ड्रकर आणि फिलिप सेट्झर पहिल्या व्हायोलिनची जागा आलटून पालटून घेत असत. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत पहिले व्हायोलिन कोणाकडे आहे, हे प्रत्येक रचनेसाठी पाहून ऐकल्यास दोघांच्या स्वभावातला फरक स्पष्ट कळतो.