शुगरच्या गोळ्या चालू असताना वजनाचं इंजेक्शन, आईला थरथर होतेय

मीनल_के: आईला बरीच वर्षं डायबेटिस आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि सिटाग्लिप्टिन चालू आहे. आता वजनासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी आठवड्याला एक सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलंय, ०.२५ मिग्रॅचं. जेवण एकदम कमी झालंय तिचं, आणि जेवायच्या आधी हात थरथरतात, घाम येतो. काल त्याच वेळी शुगर मोजली तर ६४ आली. जुन्या गोळ्या आहेत तशाच चालू आहेत, त्यातलं काही कमी करायचं असतं का? खूप काळजी वाटतेय.

साखरपहारा: ६४ म्हणजे लो शुगरच, ७० च्या खाली गेली की लगेच उपाय करायचा. तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून किंवा ग्लुकोज पावडर द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, तरी खालीच असेल तर परत द्या. गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल.

आता कारण. माझा संशय ग्लिमेपिराइडवर आहे. सेमाग्लुटाइड शुगर वाढलेली असते तेव्हाच इन्सुलिन वाढवतं, म्हणून एकट्याने सहसा लो करत नाही. ग्लिमेपिराइड मात्र शुगर कितीही असो, इन्सुलिन सोडायला लावतंच, आणि वर जेवण अर्ध्यावर आलंय. म्हणून इंजेक्शन सुरू करताना ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोस बऱ्याचदा कमी करतात. पण स्वतः ठरवू नका, आजच, पुढचा डोस द्यायच्या आधी डायबेटिसच्या डॉक्टरांना फोन करा आणि रीडिंग वेळेसकट सांगा.

सिटाग्लिप्टिनचंही विचारा. ती आणि इंजेक्शन दोन्ही एकाच मार्गाने काम करतात, सोबत घेऊन फारसा जास्तीचा फायदा होत नाही, म्हणून बहुतेक वेळा ती बंदच करतात. मेटफॉर्मिन सोबत चालतं, फक्त मळमळ-जुलाब दोन्हींमुळे होऊ शकतात.

राधा७९: दोन डॉक्टर असले की हेच होतं, एकाला दुसऱ्याची चिठ्ठी माहीत नसते. सगळ्या औषधांची एकच यादी करून दोघांनाही दाखवा, त्यात वजनाची पावडर, काढा, कॅप्सूल जे काही असेल तेही लिहा. 'हर्बल' म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामाइन (वजन कमी करायचं जुनं औषध) सापडलेलं आहे, आणि ते औषध हार्ट अटॅक-स्ट्रोकच्या धोक्यामुळे २०१० मध्येच बऱ्याच देशांत मागे घेतलं गेलं.

मीनल_के: फोन केला, ग्लिमेपिराइड सध्या थांबवायला सांगितलंय आणि उद्या बोलावलंय. ते म्हणाले गरज पडली तर नंतर डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी शुगरची गोळी) देऊ, ते चालतं का या इंजेक्शनसोबत?

निळा_डबा: चालतं, अनेकांना दोन्ही देतात. पण एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत हवी. उलट्या होताहेत, खाणं-पाणी जवळजवळ बंद आहे आणि ही गोळी चालूच आहे, अशा वेळी रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढून रक्त धोकादायक इतकं आम्लयुक्त होणं, म्हणजेच कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि त्यात शुगर २५० च्या खालीही असू शकते, म्हणजे मशीनवर आकडा बरा दिसला म्हणून माणूस बरा आहे असं नाही. पोटात दुखणं, उलट्या, जोरजोरात श्वास दिसला की थांबू नका, हॉस्पिटलला न्या आणि ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. आजारपणात ती कधी थांबवायची ते उद्याच विचारून घ्या.

अजून एक, डोळ्यांचा पडदा तपासलाय का? २०१६ च्या सस्टेन-६ ट्रायलमध्ये सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत पडद्याच्या तक्रारी ३ टक्के होत्या आणि न घेणाऱ्यांत १.८, शुगर झपाट्याने खाली आल्यामुळे असावं असं मानतात. आधीच रेटिनोपथी (डायबेटिसमुळे पडदा खराब होणं) असेल तर डोस हळू वाढवतात.

मीनल_के: डोळे बऱ्याच दिवसांत दाखवले नाहीयेत. उद्या सिटाग्लिप्टिन, आजारपणातल्या गोळ्या आणि डोळे, तिन्ही विचारते. मनापासून थँक्स सगळ्यांना 🙏