गुडघेदुखीच्या औषध-चाचणीत प्लासिबो कशासाठी?

प्रश्न:
माझ्या आईचे वय 61 असून तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचे निदान आहे. तिच्यावर उपचार चालू असलेल्या रुग्णालयात एका नव्या औषधाची 24 आठवड्यांची चाचणी सुरू होत आहे व तीत तिने सहभागी व्हावे असे सुचवण्यात आले आहे. माहितीपत्रकानुसार काही रुग्णांना प्लासिबो, म्हणजे औषधी घटक नसलेली गोळी, मिळेल आणि कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. दुखण्याने बेजार असलेल्या माणसाला जाणूनबुजून पोकळ गोळी देणे कितपत योग्य आहे?

प्रतिसाद 1:
आपली शंका रास्त आहे, परंतु गुडघेदुखीत प्लासिबोचा गट वगळला तर औषध लागू पडले की नाही हे ठरवणे फार कठीण होते. अमेरिकेत 1583 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांच्या वेदना किमान 20 टक्क्यांनी कमी झाल्या त्यांचे प्रमाण सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक घेणाऱ्यांत सुमारे 70, ग्लुकोसामाइन हे सांध्यांसाठीचे पूरक घेणाऱ्यांत 64 आणि प्लासिबो घेणाऱ्यांत 60 टक्के होते. तुलनेला प्लासिबो नसता, तर ग्लुकोसामाइनने शंभरातील 64 जणांना गुण आला अशी जाहिरात खुशाल करता आली असती. प्लासिबोवरही इतक्यांना बरे वाटण्याचे एक कारण असे: माणूस दवाखाना गाठतो तो दुखणे ऐन भरात असताना, आणि झिजेचे दुखणे मुळातच कमीजास्त होत असल्यामुळे पुढे ते काहीसे उतरतेच. शिवाय त्रास वाढल्यास पॅरासिटामॉल घेण्याची मुभा त्या चाचणीत होती. आईच्या चाचणीत तशी सोय आहे का, हे अवश्य विचारावे.

प्रतिसाद 2:
निदान झिजेचेच आहे ना, याची आधी खात्री करावी. आमवात हा सांध्यांना सूज आणणारा वेगळा आजार आहे; त्यात उपचारावाचून गेलेल्या काळात सांध्यांची कायमची हानी होऊ शकते, म्हणून तेथे नुसता प्लासिबो न देता बहुधा मेथोट्रेक्सेट हे त्यावरचे नेहमीचे औषध चालू ठेवून त्याच्या जोडीला नवे औषध किंवा प्लासिबो देतात. तसेच 15 जून 2009 पासून भारतातील औषध-चाचण्यांची सीटीआरआय या नोंदवहीत आगाऊ नोंद बंधनकारक आहे. आईच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा.

प्रतिसाद 3:
वेदना कशी मोजणार, हेही पाहावे. वोमॅक या प्रचलित प्रश्नावलीच्या मूळ रूपात बाथटबमध्ये उतरणे, पायमोजे चढवणे अशा हालचालींविषयी विचारतात, आणि आपल्याकडच्या बाईचा गुडघा बोलतो तो मांडी घालताना किंवा उकिडवे बसताना. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसने याच कारणाने तिचे भारतीय रूप तयार केले. प्रश्नच आईच्या दिनक्रमाशी जुळत नसतील, तर औषधाने खरोखर आलेला गुणही कागदावर पुरता उतरणार नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. माहितीपत्रक पुन्हा वाचले असता पॅरासिटामॉलचा उल्लेख सापडला, मात्र दिवसाला किती गोळ्या चालतील आणि तपासणीच्या किती तास आधी त्या बंद करायच्या, हे त्यात स्पष्ट नाही. आईला उच्च रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्याबद्दलही लेखी उत्तर मागणार आहे. तोवर सही करणार नाही.