घरचा ग्रुप : घडीची शिडी घ्याची का घरची निसन (लाकडी शिडी) दुरुस्त कराची?

बाळू (पुणे): बाबांसाठी टेलिस्कोपिक शिडी मागवतोय, नळीत नळी सरकून मिटणारी. ३.८ मीटरची, म्हणजे साडेबारा फूट. मिटवली की तीन फुटांची होते. कोणाचा विरोध?

बाबा: घरी सागाची निसन हाये ना बाप्पा. काहून पैसे घालतं.

आई: तिचा तिसरा डांडा मागच्या मिरगापासून सुतळीनं बांधला हाये, थे नाई सांगत.

बाबा: सुतळी नोहे. नारळाची दोरी हाये.

ताई (नागपूर): मी तीच वापरते म्हणून सांगते. फ्लॅटमध्ये सोयीची, पलंगाखाली मावते. पण पंखा पुसायला काही कामाची नाही. सरळ शिडीला टेकायला भिंत लागते अन् पंखा खोलीच्या मधोमध. टेकवशील कशाला?

बाळू: अरे हो. हे डोक्यातच नाही आलं 🤦

ताई: मधून दुमडून घोडीसारखी उभी राहणारीही मिळते. वजनाला जड, पैसेही जास्त. पण आईला पंखा अन् बल्ब तिच्यावरच जमेल. आणि कोणतीही घे, मिटवताना बोटं सांभाळा. मी दोन्ही अंगठ्यांनी खटके सरकवले अन् वरची पायरी धाडकन खालच्यावर बसली, मधलं बोट आत. नख दिवाळीपर्यंत काळं होतं. हात बाजूच्या नळ्यांना बाहेरून धरायचे, पायरीवर नाही. हळूहळू बसणाऱ्या येतात आता, सॉफ्ट क्लोज म्हणतात. तीच बघ.

मोठे काकाजी: साडेबारा फुटाची शिडी म्हणजे तू साडेबारा फुटावर उभा राह्यत नाई बाळू. वरच्या तीन पायऱ्या सोडाच्या असते. अन् टाकी धुवाले स्लॅबवर उतराचं असन त शिडी काठाच्या वर तीन फूट निघाली पाह्यजे. नाई त उतरताना धरसीन काय?

बाळू: स्लॅब दहा फूट धरला तर तेरा झाले. त्यात तिरपी लावायची. मग ३.८ ची पुरतच नाही, ४.४ मीटरची बघावी लागेल.

मोठे काकाजी: चार फूट उंचीले एक फूट पाय बाहेर. दहा फुटाले अडीच. अंगणात काळी माती हाये, पावसात पाय रुतते. खाली फळी ठेवा.

वहिनी: आणि खंब्यावरून घरात आलेली तार? ही अ‍ॅल्युमिनियमची आहे, ४.४ मीटर उघडून अंगणातून उभी नेली अन् तारेला लागली तर? बाबांना सवय आहे निसन उभीच उचलून न्यायची.

बाबा: त मग मिटवून नेतो. घडीची हाये म्हणता ना.

वहिनी: हो, ते बरोबर 🙂 जागेवर नेऊनच उघडायची. पण तारेच्या बाजूला लावायचीच नाही. लाइटच्या कामाला फायबरग्लासची शिडी वेगळी असते.

बाबा: मागच्या पडवीचं काय? वांदरं रोज नाचते कवेलूवर. मिरगाच्या आधी फेराच लागते.

मोठे काकाजी: कवेलूवर टेकवसीन त दोन फेरून चार फोडसीन. भिंतीले टेकव. अन् या वयात तू खालून कवेलू दे, चढाचं काम पोट्ट्याइले करू दे.

ताई: ठेवणार कुठे ते विचारा आधी. कोठ्यात नको. कापसाची रुई अन् धूळ नळ्यांत गेली की खटके अडकतात. एका बाजूचा बसतो, दुसऱ्या बाजूचा नाही, आपल्याला वाटतं बसली. उघडताना प्रत्येक पायरीला दोन्हीकडून टक् ऐकू आलं पाहिजे.

बाबा: तेल सोडतो ना थोडं.

ताई: तेल बिलकूल नाही! त्याला धूळ आणखी चिकटते. कोरड्या फडक्यानं पुसायचं.

बाळू: ईएन १३१ (शिड्यांचं युरोपियन मानक) लिहिलेली पाहतोय, १५० किलो वजन पेलणारी. टेलिस्कोपिकसाठी त्यातला सहावा भाग आहे.

मोठे काकाजी: लिहिलेलं असो. आर्वीले नाई त वर्ध्याले जाऊन एकदा उघडून मिटवून पाहा. तुह्या बाबाच्या बोटानं खटका सरकते का नाई, थे मोबाइलवर नाई समजत.

बाबा: आत्ता टेप लावला. स्लॅब दहा फूट चार इंच.

बाळू: मग ४.४ ची नक्की. पंखा?

आई: पंख्याले लोखंडी घोडी शेजारून आणतो मी, वर्षातून दोनदाच त लागते. अन् थे निसन मले दे, वाल चढवतो तिच्यावर.