पैसे कमी, कटकट जास्त: अशा देशी गिऱ्हाइकासाठी सॉफ्टवेअर करावं का?

पुणेरी_कीबोर्ड
आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा, इथल्या दुकानदारासाठी काही का करत नाही? उत्तर ठरलेलं: "पैसे सुटत नाहीत, वर डोकं खातो." मला उलट वाटतं. डोकं खाणारं गिऱ्हाईकच माल सुधारून घेतं.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बघा. श्यामसुंदर गोएंकांचा धंदा गिरण्यांना सुटे भाग वगैरे पुरवायचा. हिशेबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने, भरत गोएंकांनी, ते स्वतः लिहिलं. साल १९८६. बाकीच्यांत खात्यांचे कोड लक्षात ठेवा. इथे सरळ पार्टीचं, म्हणजे ज्याच्याशी व्यवहार त्याचं, नाव टाका. आजही मुनीमजी माउसला हात न लावता एफ८ दाबून विक्री टाकतात आणि मध्येच नवी पार्टी आली तर आल्ट-सी दाबून तिथल्या तिथे खातं उघडतात. काउंटरवर माणूस खोळंबलाय, हे ज्याला ठाऊक होतं त्यालाच हे सुचणार.

सपोर्टवाली
छान लिहिलंय, पण फोन तुम्ही उचलत नाही. मी उचलते, एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला. जीएसटीची विवरणपत्रं भरायची मुदत ११ तारखेला (जीएसटीआर-१) आणि २० ला (३बी), त्या दिवशी डबा उघडायलाही फुरसत नसते. "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं!" म्हणून आरडाओरडा, आणि अर्ध्या तासाने कळतं, थर्मल प्रिंटरचा रोल उलटा बसलाय. वर्षाचे पैसे अशा चार फोनांत संपतात. लिहिणं एकदाच होतं हो, निस्तरणं रोज.

आणि मागण्या तरी काय? मागच्या तारखेचं बिल निघू द्या. कच्च्या बिलाला वेगळा नंबर द्या. यातून कुठला माल सुधारतो?

औषधवाला_सातारा
मॅडम, त्या रोलवर एकाच बाजूला छापतं हे आम्हाला विकताना कुणी सांगितलं होतं का?

माझं मेडिकल आहे. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कापून द्याव्या लागतात. उरलेल्या सहांची बॅच आणि एक्स्पायरी तीच दिसली पाहिजे, नाहीतर स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला, माल परत करताना बोंब. ही कटकट नाही, धंदाच असा आहे. फुकटही नकोय. उधारीचं एक फुकट अॅप वापरलं. आधी गिऱ्हाइकाला आठवण पाठवायचं, मग मलाच "कर्ज घ्या" म्हणून मागे लागलं. काढून टाकलं. पैसे घ्या, पण फोन उचला.

डॉलरछाप
पैसे देणारे तुमच्यासारखे किती? यूपीआय बघा. १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून व्यवहारामागे एमडीआर, म्हणजे पेमेंट घेण्याचं शुल्क, घ्यायचाच नाही. गिऱ्हाइकं कोट्यवधी, त्यांच्याकडून हाती भोपळा. मग कंपन्यांनी कमाई शोधली ती गल्ल्याशेजारी "रुपये प्राप्त हुए" ओरडणाऱ्या डब्याच्या भाड्यात, नाहीतर कर्जं वाटण्यात. सॉफ्टवेअरला दमडी नाही, डब्याला भाडं! मी परदेशी बँकेचं काम करतो. तिथेही कटकट आहेच, फक्त तिचं तासावर बिल लागतं.

पुणेरी_कीबोर्ड
@डॉलरछाप, तो डबा माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. भाजीवाल्याचे हात ओले, एसएमएस कधी येतो कधी नाही, आणि कुणी जुनाच स्क्रीनशॉट दाखवून सटकतो. त्याला ऐकू येणारी पावती हवी होती. ती दिली, तर तोच गरीब माणूस दरमहा भाडं भरतो. एमडीआर बंद केला सरकारने, त्याचं खापर गिऱ्हाइकावर कशाला?

सपोर्टचा मुद्दा मात्र खरा. तिथे पुण्याच्या क्विक हील कंपनीने धरलेली वाट बघण्यासारखी आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर, सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून. भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, आणि तो गावोगावच्या कॉम्प्युटरवाल्या डीलरांच्या हातून खपला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. विकणारा हाकेच्या अंतरावर असला की प्रत्येक फोन पुण्याला येत नाही.

सपोर्टवाली
डीलरचा पोरगा मोटारसायकलवर येतो, त्याच्या पेट्रोलचं काय? आमचे निम्मे डीलर म्हणतात, सॉफ्टवेअरच्या कमिशनपेक्षा सीसीटीव्ही बसवलेले परवडतात.

औषधवाला_सातारा
आमच्या डीलरच्या पोराला मी वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, देतो. दिवाळीला मिठाईचा पुडा वेगळा.

सपोर्टवाली
मग रोलसाठी त्यालाच बोलवत जा ना दादा!

औषधवाला_सातारा
त्यानेच बसवला होता, मॅडम.