आराकावाच्या बांधावरील रस्ता : वयस्कर आईबाबांना फिरायला न्यावे का?

प्रश्न : निशीकासाईकर

नमस्कार. आम्ही टोकियोच्या एदोगावा विभागात, निशी-कासाईला राहतो. सप्टेंबरच्या अखेरीस आईबाबा सांगलीहून येत आहेत. बाबांना रोज पहाटे कृष्णाकाठी फिरण्याची सवय असल्यामुळे त्यांना आराकावा नदीच्या पूरसंरक्षक बांधावर न्यावे, आणि एखाद्या रविवारी मुलीसोबत सायकलने थेट इवाबुचीच्या जलद्वारांपर्यंत जावे, असा विचार आहे. मात्र तेथे सायकली बऱ्याच वेगाने जातात, तेव्हा वयस्कर माणसांनी चालणे सुरक्षित आहे का? आणि वादळाच्या दिवसांत हा रस्ता नेमका केव्हा टाळावा? २०१९ मध्ये सांगलीच्या घरात पाणी शिरल्यापासून आई नदीकाठी जायला बिचकते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते.

उत्तर १ : निवृत्त_अभियंता

आधी या नदीची रचना समजून घ्या, म्हणजे दोन्ही शंका फिटतील. शहरातील आराकावा हा मुळात खणून काढलेला प्रवाह आहे. १९१० च्या महापुरानंतर, १९११ मध्ये हे काम हाती घेण्यात आले आणि इवाबुचीपासून समुद्रापर्यंत सुमारे २२ किलोमीटर लांबीचा, साधारण ५०० मीटर रुंदीचा हा मार्ग १९३० मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी सुमारे १३०० कुटुंबांना आपले घरदार सोडावे लागले. पनामा कालव्यावर काम करून परतलेले अभियंता आकिरा आओयामा यांनी या कामाची धुरा वाहिली. इवाबुचीला कामगारांच्या स्मरणार्थ त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला दगड आहे, त्यावर त्यांनी स्वतःचे नाव कोरलेले नाही. मुलीला तो अवश्य दाखवा.

रस्ते दोन आहेत : एक बांधाच्या माथ्यावर आणि दुसरा खाली, बांध व पाणी यांच्यामधल्या सपाट पट्ट्यात. खालचा रुंद रस्ता भूकंपानंतर मदत पोहोचवता यावी म्हणून बांधलेला आहे. एरवी त्यावर पादचाऱ्यांना प्राधान्य आहे आणि सायकलींनी ताशी २० किलोमीटरच्या आत राहावे असा नियम आहे, पण शर्यतीच्या सायकली घेऊन येणारे सगळेच तो पाळतात असे नाही. बाबांना माथ्यावरूनच चालू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सावलीची अपेक्षा मात्र ठेवू नका. झाडांच्या मुळांनी बांध पोखरला जातो, म्हणून त्यावर केवळ गवत वाढवतात आणि भेगा दिसाव्यात यासाठी तेही वेळोवेळी कापतात.

उत्तर २ : नदीकाठची

निशी-कासाईहून कियोसुना पुलावरून पलीकडे गेलात की उजव्या काठाने इवाबुचीपर्यंत जाता येते. समुद्रापासूनचे अंतर दाखवणारे फलक वाटेत लागतात, त्यामुळे मुलांना आपण किती आलो हे कळत राहते. हिवाळ्यात उत्तरेचा वारा जाताना समोरून झोडपतो, म्हणून दमछाक जातानाच होईल, परतताना नव्हे, हे लक्षात ठेवून निघावे.

आईंसाठी कोमात्सुगावाचे उद्यान सुचवते. तेथे बांधाच्या मागे भराव घालून तो इतका रुंद केला आहे की आपण बांधावर उभे आहोत हे जाणवतही नाही, आणि म्हणूनच तेथे चेरीची झाडे लावता आली. त्या भरावात जुन्या जलपाशाचा (वेगवेगळ्या पातळ्यांच्या पाण्यांतून बोटी नेण्यासाठीच्या दारांच्या बांधकामाचा) बराचसा भाग गाडला गेला असून १९३० सालच्या त्या इमारतीचे वरचे टोक तेवढे हिरवळीतून वर आलेले दिसते. मला हे ठिकाण फार प्रिय आहे. जमीन उंच असल्यामुळे आपत्तीच्या वेळी लोकांनी जमण्याची जागा म्हणूनही ते ठरवलेले आहे, हे आईंना जरूर सांगा.

उत्तर ३ : निवृत्त_अभियंता

वादळाबद्दल लिहायचे राहिले. १२ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री हगिबिस वादळात इवाबुचीचे निळे जलद्वार बंद करून, तेथून फुटून शहरातून वाहणाऱ्या सुमिदा नदीकडे जाणारे पाणी अडवण्यात आले. त्यानंतर आराकावाची पातळी तेथे ७.१७ मीटरपर्यंत चढली, आणि सुमिदाच्या काठच्या भिंती ६.९० मीटर उंचीच्या आहेत. द्वार उघडे राहिले असते तर काय झाले असते, हे यावरून ध्यानात येईल. खालच्या पट्ट्यातील मैदाने व रस्ता मात्र पाण्याखाली गेले, कारण तो पट्टा पुरासाठीच राखून ठेवलेला आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की पाण्याची ही सर्वोच्च पातळी वादळ निघून गेल्यावर, १३ तारखेच्या सकाळी आली. पाऊस वर चिचिबूच्या डोंगरात पडतो आणि पाणी येथे उशिरा पोहोचते. कोयनेचा विसर्ग वाढला की सांगलीत ऊन असतानाही आयर्विन पुलाजवळ पाणी फुटाफुटाने चढते, हे तुमच्या आईंनी पाहिलेलेच असेल. तेव्हा आभाळ निवळले म्हणून खाली उतरू नका. पाणी ओसरून गाळ काढला जाईपर्यंत थांबा. आणि एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे स्थलांतराची सूचना आली, तर बांधावर पाणी पाहायला न जाता विभागाबाहेर पडा. तेथील २०१९ च्या पूर-नकाशावरही ‘इथे थांबू नका’ असेच बजावले आहे.

निशीकासाईकर

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना माथ्यावरून चालायला नेईन आणि आईला आधी कोमात्सुगावाला. सायकलचा बेत वादळांचा हंगाम सरल्यावर, नोव्हेंबरात ठेवतो. त्या जलपाशाजवळ बसायला बाके आहेत का, आणि उद्यानात शिरताना पायऱ्या चढाव्या लागतात का, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल, कारण आईचे गुडघे दुखतात.

नदीकाठची

बाके आहेत. पायऱ्या टाळता येतील, कारण भरावाच्या बाजूने उताराचा रस्ता आहे.