मदत हवी आहे: सायक्लोस्पोरिनची रक्ततपासणी आणि इरॅडिएटेड (किरणोत्सर्ग दिलेल्या) प्लेटलेट्स

मुलगी ७ वर्षांची, थॅलेसेमिया मेजर (जन्मजात रक्ताचा आजार), सख्ख्या भावाचा बोन मॅरो (अस्थिमज्जा) दिला, त्याला आज ६८वा दिवस. तळहातांवर पुरळ, हिरवट पातळ जुलाब. आतड्याचा जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो त्रास) म्हणून स्टिरॉइड चालू आहे.

जुलाबात सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध) नीट शोषलं जात नाही, उलट फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधामुळे त्याची रक्तातली पातळी चढते, म्हणून तपासणी वारंवार लागते. रक्त आदल्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळचा डोस देण्याआधीच काढायचं. डोस देऊन काढलं तर आकडा फुगतो. सातारा-कराड भागात हे नमुने कोण घेतं, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का?

शिवाय इरॅडिएटेड प्लेटलेट्स जवळात जवळ कुठे? नुसता ल्युकोसाइट फिल्टर (पांढऱ्या पेशी गाळणारा) पुरत नाही, रक्तदात्याच्या उरलेल्या लिम्फोसाइट्सचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धोका राहतोच. (रक्तपेढीत हे दरवेळी समजावावं लागतं!)