मदत हवी आहे: 'स्पॅनिश फोर्जर'चं पान कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. लंडनमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून चर्मपत्राचं एक सचित्र पान घेतलंय. १५व्या शतकातलं म्हणून विकलं गेलं. मागच्या बाजूला चौकोनी स्वरचिन्हं आणि लॅटिन ओळी आहेत, त्या अस्सल वाटतात. शंका पुढच्या चित्राची आहे.

चर्मपत्र जुनं म्हणजे चित्रही जुनं, असं नसतं. १९व्या शतकाच्या शेवटी, बहुधा पॅरिसमध्ये, एकजण जुन्या गानपोथ्यांची खरी पानं खरवडून त्यावर नवी चित्रं काढायचा. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयाच्या बेल द कोस्टा ग्रीन यांनी १९३०मध्ये त्याला 'स्पॅनिश फोर्जर' (म्हणजे स्पॅनिश बनावटकार) हे नाव दिलं. खरा कोण, ते आजही कळलेलं नाही. माझ्या चित्रातल्या बायकांचे गोडगोड चेहरे, खोल गळे आणि मागचा किल्ला अगदी त्याच्याच धाटणीचे!

भिंगातून पाहिलं तर झग्याच्या रंगाखाली जुन्या स्वररेषा पुसटशा दिसतात. मध्ययुगात सोन्याचा वर्ख आधी लावत, मग रंग. इथे एका कोपऱ्यात सोनं निळ्यावर चढलंय.

हिरव्यात तांब्यासोबत आर्सेनिक निघालं तर बहुतेक निकाल लागेल, कारण असा हिरवा रंग मध्ययुगात नव्हता. पण निळ्याचं काय? १८२८नंतरचं कृत्रिम अल्ट्रामरीन (निळा रंग) आणि लाजवर्द दगडापासूनचं जुनं, दोन्हींची घटकद्रव्यं तीच. कण न खरवडता, नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो का? रामन तपासणी (लेझरच्या प्रकाशाने रंगद्रव्य ओळखणारी) खासगी व्यक्तीला कुठे करून मिळते? संवर्धन क्षेत्रातलं कुणी असेल तर प्लीज सांगा. फोटो लगेच पाठवते.